हुंकाराची जागा

मी पाठवलेला धडा अकरा मिनिटांचा होता. ऑनलाइन शिक्षणाच्या प्लॅटफॉर्मवर दिसला तेव्हा तो साडेसात मिनिटांचा झाला होता.

पाचवीच्या गणितातला, अपूर्णांकांचा धडा. रात्री अकरानंतर पंखा बंद करून, कपाटाचं दार उघडून, आतल्या गोधड्यांकडे तोंड करून मी तो मोबाइलवर रेकॉर्ड केला होता. रिकाम्या खोलीत आवाज घुमतो, गोधड्या तो पिऊन टाकतात. मजकूर साधा होता. ‘तुमच्यासमोर एक अख्खी भाकरी आहे. तिचे सारखे चार तुकडे करा. एका तुकड्याला काय म्हणतात? मोठ्यानं सांगा.’ इथे सात सेकंद काहीच नाही. मग, ‘बरोबर, चतकोर. आता तीन चतकोर ताटात घ्या. किती भाकरी झाली? मोठ्यानं सांगा.’ पुन्हा दहा सेकंद काहीच नाही. अशा एकवीस जागा मी घड्याळ लावून सोडल्या होत्या. एडिटिंग करणाऱ्या मुलाने फाइल सॉफ्टवेअरमध्ये घातली आणि शांतता कापायचं बटण दाबलं. एका क्लिकमध्ये एकवीसच्या एकवीस जागा गेल्या. ‘मॅडम, मध्येमध्ये आवाजच जात होता, सगळं क्लीन करून दिलंय,’ असं त्याने मला कौतुकाने सांगितलंही.

त्या मुलाला मी बोल लावत नाही. त्याला दिलेल्या निकषांच्या कागदावर ‘अनावश्यक शांतता नसावी’ अशी ओळ होती, आणि शांतता आवश्यकही असते हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. गंमत अशी की धड्याखाली ‘आंतरक्रियात्मक’ अशी निळी पट्टी झळकत होती. का, तर शेवटी चार बहुपर्यायी प्रश्न जोडले होते.

ऑनलाइन शिक्षणात पॉडकास्ट आणावेत का, हा प्रश्न आता शिळा झाला. ते आलेले आहेत. ‘दीक्षा’ हा सरकारी शिक्षण-प्लॅटफॉर्म २०१७ पासून आहे, बालभारतीच्या पुस्तकांत क्यूआर कोड आहेत, २०२० च्या मे महिन्यात जाहीर झालेल्या ‘पीएम ई-विद्या’मध्ये टीव्ही वाहिन्यांबरोबर रेडिओ होता आणि सीबीएसईचा ‘शिक्षावाणी’ हा पॉडकास्टही. वाद घालायचा तो पुढच्या गोष्टीवर: यातल्या कशाला आपण धडा म्हणणार? माझं म्हणणं असं की, ऐकणाऱ्यासाठी जागा सोडलेली नसेल आणि त्याने दिलेलं उत्तर कुठे पोचणार नसेल, तर त्या फाइलला खुशाल व्याख्यान म्हणावं. चार प्रश्नांचं शेपूट लावल्याने तिचा धडा होत नाही.

मी आवाजाच्या विरोधात नाही, उलट पक्की आवाजवाली आहे. हिशेबच बघा. दहा मिनिटांचं नुसतं बोलणं ३२ केबीपीएस दराने साठवलं तर अडीच एमबीच्या आत बसतं. तेवढ्याच वेळाचा बेताचा व्हिडिओ, ५०० केबीपीएसचा जरी धरला, तरी ३७ एमबीच्या पुढे जातो. ज्या घरात फोन एकच आहे आणि तो बापाबरोबर सकाळी कामावर जाऊन दिवेलागणीला परत येतो, तिथे हा फरक तांत्रिक नसतो. धडा मिळाला की नाही एवढा सरळ असतो. शिवाय ऐकताना हात आणि डोळे मोकळे राहतात. पोरगं वहीत काढू शकतं, खडे मांडू शकतं, भाकरी मोडू शकतं. व्हिडिओ सुरू झाला की ते पडद्याकडे आ वासून बसतं. वाचनात अडखळणाऱ्या मुलाला तर आवाज हाच आत यायचा दरवाजा असतो.

पण पॉडकास्टची घडण मुळात एकतर्फी आहे. फीडमधून फाइल जाते, कुणाच्या तरी फोनवर उतरते आणि संपली. बोलणाऱ्याला फार तर किती जणांनी उतरवून घेतली ते कळतं. तीच फाइल शिक्षणाच्या प्लॅटफॉर्मवर आणली की खरं तर चित्र बदलायला हवं. तिथे थांबवता येतं, विचारता येतं, उत्तर घेता येतं. मूडलसारख्या ऑनलाइन वर्ग चालवायच्या व्यवस्थेत किंवा एचफाइव्हपी (H5P) म्हणून मुक्त साधन आहे त्यात, चालू व्हिडिओ ठरल्या सेकंदाला थांबवून प्रश्न विचारण्याची सोय केव्हापासूनची आहे. आवाजालाही तेच करायला कुणाची हरकत नसावी. तरीही आपल्याकडे होतं काय, तर फाइल सलग वाजते आणि तळाशी प्रश्न येतात. कारण मोजमाप कशाचं होतं? किती धडे चढले, किती जणांनी ‘पूर्ण’ ऐकले. उशाशी फोन वाजत राहिला आणि पोर झोपलं, तरी डॅशबोर्डवर हिरवी खूण उमटते.

थांबण्याचं महत्त्व काही मी शोधून काढलेलं नाही. अमेरिकेत मेरी बड रो या शिक्षणतज्ज्ञ बाईंनी १९७० च्या दशकात विज्ञानाच्या तासांच्या ध्वनिफिती घेऊन बसून एक गोष्ट मोजली: प्रश्न विचारल्यावर शिक्षक किती थांबतात. सरासरी एक सेकंदाच्या आसपास. तो वेळ तीन सेकंदांवर नेला की मुलांची उत्तरं लांब होतात, एरवी गप्प राहणारी मुलं बोलू लागतात. दोन सेकंदांचा फरक! वर्गात मीही एका सेकंदातच पुढच्या हाताकडे वळते, हे मला माझंच रेकॉर्डिंग ऐकून कळलं, आणि ते ऐकणं सुखाचं नव्हतं.

दुसरी गोष्ट आठवणीची. रोडिगर आणि कारपिके या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो चार वेळा वाचला, काहींनी एकदा वाचून पुढच्या तीन वेळा नुसता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर वाचणारे पुढे. आठवड्याने विचारलं तर वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. म्हणजे ‘किती छान समजलं’ असं वाटायला लावणारा सलग, गुळगुळीत धडा त्या दिवसापुरता जिंकतो. आणि आमचे अभिप्राय अर्ज धडा संपल्या संपल्या भरून घेतले जातात.

आवाजातून शिकवताना जागा कशी सोडायची, याचा सगळ्यात चिकाटीचा प्रयोग झाला तो निकाराग्वात, १९७४ पासून पुढे. प्राथमिक शाळेचं गणित रेडिओवरून. त्यात स्टॅनफर्डचे पॅट्रिक सप्पीस होते, म्हणजे १९६० च्या दशकात मुलांना संगणकावरून अंकगणित शिकवू पाहणाऱ्या पहिल्या मंडळींपैकी एक. संगणकवाला माणूस रेडिओकडे वळला, कारण तिथल्या शाळांत संगणक नव्हते आणि रेडिओ परवडत होता. पण वळताना त्याने संगणकाची सवय बरोबर नेली: विचारा, थांबा, उत्तर येऊ द्या, मग बरोबर उत्तर सांगा. रेडिओला उत्तर ऐकू येत नाही, तरी तो ऐकल्यासारखा थांबतो. अर्ध्या तासाच्या धड्यात मुलं डझनांनी उत्तरं देत, ओरडून, लिहून, बोटं दाखवून, उभं राहून. माणसं वर्गांत बसून बघत, मुलांच्या चाचण्या घेत, आणि त्यावरून पुढचे धडे दुरुस्त होत. पुढे तुलना झाली तेव्हा नुसती पाठ्यपुस्तकं पुरवलेल्या वर्गांपेक्षा रेडिओच्या वर्गांची झेप कितीतरी मोठी निघाली, आणि गावातल्या व शहरातल्या मुलांमधलं अंतरही कमी झालं. हीच रीत मग केनियात इंग्रजीसाठी गेली, आपल्याकडे बऱ्याच राज्यांत आली. पुण्याच्या सेंटर फॉर लर्निंग रिसोर्सेसने मराठी माध्यमाच्या मुलांसाठी मराठीतून बोलत बोलत इंग्रजी शिकवणारा ‘वुई लर्न इंग्लिश’ केला, तो याच वाटेवरचा.

मला मात्र निकाराग्वापेक्षा जवळची एक गोष्ट जास्त सतावते. ती पुण्याचीच आहे आणि आपण ती जवळजवळ विसरलो आहोत.

१९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये आकाशवाणी पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने मराठी मुलखातल्या पाच जिल्ह्यांतली दीडशे गावं निवडली. गावोगाव एक श्रोतामंडळ केलं, साधारण वीस जणांचं. आठवड्यातून दोनदा, संध्याकाळी अर्धा तास, शेतीचा आणि गावच्या प्रश्नांचा कार्यक्रम लागे. एकूण वीस कार्यक्रम. कल्पना कॅनडातल्या शेतकऱ्यांच्या रेडिओ मंडळांवरून घेतलेली. कार्यक्रम संपला की रेडिओ बंद व्हायचा आणि मंडळ बोलायला बसायचं. एक निमंत्रक ते लिहून घ्यायचा. काय पटलं, काय नाही, काय विचारायचंय, हे पुण्याला कळवलं जायचं, आणि त्या प्रश्नांची उत्तरं रेडिओवरून परत यायची.

याचं मूल्यमापन टाटा समाजविज्ञान संस्थेने केलं, पॉल न्यूराथ यांच्या देखरेखीखाली. त्यांनी शहाणपणा केला तो असा की, मंडळ असलेल्या गावांबरोबर मंडळ नसलेली गावंही पाहिली, आणि त्यांतल्या काही गावांत रेडिओ होता, काहींत नव्हता. आधी आणि नंतर त्याच प्रश्नांवर माणसांना काय माहीत आहे ते विचारलं. मंडळं असलेल्या गावांत माहिती भरघोस वाढली. मंडळ नसलेल्या गावांत ती जेमतेम हलली, रेडिओ होता त्या गावांतसुद्धा. तोच कार्यक्रम, तोच आवाज. फरक होता तो रेडिओ बंद केल्यानंतरच्या अर्ध्या तासाचा.

पुढे ही मंडळं देशभर काढायचं ठरलं. काढली गेली, संख्या हजारांत गेली, आणि मग ती सुकत गेली. मंडळ जिवंत ठेवायला गावात जाणारा, पत्र वाचणारा, उत्तर धाडणारा माणूस लागतो. कार्यक्रमाला पैसा मिळाला, त्या माणसाला मिळाला नाही. आजही आपण अगदी तसंच करतो आहोत. रेकॉर्डिंगचं टेंडर निघतं. परत आलेलं ऐकायला कुणाची नेमणूक होत नाही.

यात एक बारीक गोष्ट आहे, ती पैशाच्या चालीमुळे घडते. पॉडकास्ट हा ‘भागां’चा प्रकार आहे. आज एक, आठवड्याने दुसरा. त्यामुळे दुसऱ्या भागात पहिल्यावरचं ऐकणाऱ्यांचं बोलणं घेता येतं, चूक कबूल करता येते, ‘मागच्या वेळी बऱ्याच जणांनी तीन चतकोरांना दीड भाकरी म्हटलं, बघू या का ते’ असं म्हणता येतं. आवाजापेक्षाही शिकवण्याच्या कामाची पॉडकास्टमधली गोष्ट हीच. आणि आपण नेमकी तीच काढून टाकतो. निधी मार्चअखेर खर्ची पडायला हवा, म्हणून जानेवारीत कार्यशाळा, फेब्रुवारीत रेकॉर्डिंग आणि मार्चच्या शेवटच्या आठवड्यात तीनशे धडे एकदम अपलोड. जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा तीनशेवा धडा पहिल्या मुलाने काय म्हटलं ते ऐकायच्या आधीच बोलून मोकळा झालेला असतो.

तीनशेच्या जागी तीस करा, पण दर आठवड्याला एक, असं मी एका बैठकीत म्हटलं. ‘मग कव्हरेजचं काय?’ असा प्रश्न आला. अभ्यासक्रम झाकायचा की शिकवायचा, हे मी तेव्हा विचारलं नाही, चहा आला होता.

आपल्या भाषेत याला शब्द आहे, आणि तो शिक्षणशास्त्राच्या कुठल्याही शब्दापेक्षा मला नेमका वाटतो: हुंकार. गोष्ट सांगताना आजी मध्येच थांबायची. पोरांनी ‘हं’ म्हटलं नाही तर पुढचं वाक्य येत नसे. ‘झोपलास का रे?’ हा तिचा प्रश्न म्हणजे हजेरीच. कीर्तनकार आख्यान ऐन रंगात आलं की थांबून नामाचा गजर करायला लावतो, शाहिराच्या मागचे झिलकरी ‘जी जी जी’ म्हणत धरून ठेवतात. ऐकणाऱ्याला काम दिल्याशिवाय बोलणाऱ्याने पुढे जायचं नाही, ही इथली जुनी शिस्त आहे.

गणितातही होती. तिन्हीसांजेला परवचा व्हायचा, पाढे आणि त्यापुढे पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी. जुने लोक बाजारात बसून अडीच शेरांचा भाव तोंडी करत ते या कानाच्या अभ्यासावर. मला परवचा परत आणायचा नाही. घोकंपट्टीने अपूर्णांक समजत नाहीत, आणि पाऊणकी घडाघडा म्हणणाऱ्या कित्येकांना पाऊण म्हणजे तीन चतुर्थांश हे माहीत नसे. पण पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच ही अपूर्णांकांची रोजची भाषा मराठी घरात आयती बोलली जाते, आणि पुस्तकात आकड्यावर आकडा मांडून मध्ये रेघ ओढली की तीच मुलाला परकी होते. ही दरी ओलांडायला कानासारखं साधन नाही.

आता ‘मुलांचं उत्तर ऐकायचं कुणी?’ हा प्रश्न. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या कुणालाही विचारा, नव्या ॲपचं नाव काढलं की पोटात गोळा येतो. लिंक भरा, फोटो टाका, प्रमाणपत्र डाउनलोड करा. चाळीस मुलांचे चाळीस आवाज तपासायला सांगितले तर ते कुणी ऐकणार नाही आणि ‘ऐकले’ अशी खूण मात्र सगळे करतील. म्हणून १९५६ ची युक्ती उचलावी: उत्तर एकेकट्या मुलाचं मागू नये, गटाचं मागावं. आठ मुलांनी मिळून चाळीस सेकंदांचं एक उत्तर बोलावं. वर्गातले पाच गट म्हणजे साडेतीन मिनिटांच्या आत. तेवढं कोणतीही बाई मधल्या सुट्टीत ऐकेल. त्यातून दोन उत्तरं, एक बरोबर आणि एक मजेदार चुकीचं, पुढच्या भागासाठी वर पाठवावीत.

गटाच्या उत्तराचा आणखी एक फायदा आहे. मुलाचा आवाज ही त्याची ओळख असते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती हा नियम केला आहे, आणि सरकारी प्लॅटफॉर्मने अपवादांच्या फटी शोधत बसण्यापेक्षा मुळात कमीच गोळा करावं. नाव नाही, हजेरी क्रमांक नाही, ‘गट तीन’ पुरे. आणि हो, त्या आवाजाला यंत्राने गुण देऊ नयेत. ‘मोठ्यानं वाचा, अचूकता ७२ टक्के’ असं सांगणारी साधनं आता सर्रास दाखवली जातात. प्रमाण मराठीच्या ध्वनिफितींवर वाढलेलं यंत्र अहिराणी किंवा मालवणी बोलणाऱ्या पोराला चूक ठरवणार, आणि त्याला ते खरं वाटणार. आयुष्यभर.

आवाजाला जमत नाही तेही आहेच. भूमिती नुसत्या कानाने शिकवायला जाऊ नये, नकाशाही नाही. ज्या मुलाला ऐकू येत नाही त्याच्यासाठी पूर्ण लिखित मजकूर हवा, आणि तो धड्याबरोबरच निघायला हवा, ‘लवकरच उपलब्ध’ नव्हे. २०२० च्या टाळेबंदीत आकाशवाणी नागपूरवरून लागणाऱ्या ‘शाळेबाहेरची शाळा’ने घरातल्या वस्तू घेऊन करायच्या कृती दिल्या, त्या चालल्या, कारण मुलाजवळ करायला काहीतरी होतं. नुसतं ऐका, असं नव्हतं.

मुक्त विद्यापीठांनाही हे लागू आहे, कदाचित जास्तच. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठासारख्या ठिकाणी शिकणारी बाई स्वयंपाक करताना, शिकणारा कंडक्टर डेपोत गाडीची वाट बघताना कानात धडा घालू शकतो. तिथे गट करणं अवघड, पण संपर्कसत्र असतंच. त्या दिवशी पुन्हा तेच व्याख्यान देण्यापेक्षा आठवड्याभरात आलेल्या आवाजी उत्तरांपासून सत्र सुरू करावं.

माझ्या कापलेल्या धड्याचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. मूळ फाइल परत चढवावी म्हणून मी तीन मेल पाठवले. साडेसात मिनिटांचीच अजून आहे. डिसेंबरात शिक्षण परिषदेसाठी शेजारच्या केंद्रातल्या एका शाळेत गेले होते. दुपारी व्हरांड्यात सात-आठ पोरं गोल करून बसलेली. मध्ये स्टीलचं पातेलं, त्यात फोन उभा केलेला, म्हणजे आवाज मोठा होतो. आवाज माझा. मी खांबाआड थांबले.

‘...एका तुकड्याला काय म्हणतात? मोठ्यानं सांगा.’

पातेल्याशी बसलेल्या मुलीने हात आत घातला आणि अंगठ्याने फोन थांबवला. कुणी शिकवलं होतं कोण जाणे. ‘मोठ्यानं सांगा’ हे तीन-चार वेळा ऐकून तिने स्वतःच ओळखलं असावं की इथे आपलं काम आहे. तिघं ‘चतकोर’ म्हणून ओरडले, तरी तिने फोन सुरू केला नाही. समोरच्या एका बारक्या पोराकडे बघत राहिली. तो जमिनीवर बोटाने गोल काढत होता, मग त्यावर एक रेघ, मग आडवी दुसरी. बाकीचे चुळबुळले. ती हलली नाही. शेवटी तो ‘चतकोर’ म्हणाला, अगदी हळू, आणि तिने अंगठा टेकवला.

मी सवयीने घड्याळ बघितलं होतं. एकोणीस सेकंद. मी सात धरले होते.